रेगी व्हाइटचा उजवा हात

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची मोठी व्यावसायिक लीग. तिच्या सॅकच्या यादीत बचावपटू रेगी व्हाइट दुसरा आहे. पहिला ब्रूस स्मिथ, २०० सॅक. व्हाइटचे १९८. यादी एवढं सांगते आणि गप्प बसते. स्मिथला त्या २०० साठी २७९ सामने लागले, व्हाइटचे १९८ झाले २३२ सामन्यांत. फिलाडेल्फिया ईगल्सकडून खेळलेल्या आठ हंगामांचा हिशोब तर १२१ सामने आणि १२४ सॅक असा आहे, म्हणजे सामन्यामागे एकाहून जास्त. त्याआधी यूएसएफएल नावाच्या, पुढे बुडालेल्या लीगमध्ये त्याने दोन हंगामांत २३.५ सॅक काढले होते, ते एनएफएल आपल्या वहीत धरतच नाही. धरले असते तर वादच मिटला असता.

नव्याने बघणाऱ्यांसाठी थोडक्यात: क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा खेळाडू, पास फेकायला मागे सरकतो आणि चेंडू हातातून सुटायच्या आत, खेळ सुरू झालेल्या रेषेच्या मागेच त्याला पाडलं, की तो सॅक. दोघांनी मिळून पाडलं तर अर्धा-अर्धा. एनएफएल खेळाडूवार सॅक अधिकृतपणे मोजते ती १९८२ पासून. क्वार्टरबॅककडे साधारण अडीच ते तीन सेकंद असतात. जे करायचं ते तेवढ्यात, आणि मध्ये सव्वाशे-दीडशे किलोचा माणूस उभा असतो, ज्याला पगारच तुम्हाला अडवण्याचा मिळतो.

आकड्यांइतकंच महत्त्वाचं आहे ते हे की व्हाइटने हे सॅक कुठून काढले. तो बहुतेक वेळा डाव्या डिफेन्सिव्ह एंडच्या, म्हणजे बचावाच्या रांगेच्या डाव्या टोकाच्या जागी, समोरच्या संघाच्या उजव्या टॅकलपुढे (टॅकल म्हणजे चढाईच्या रांगेच्या टोकाचा अडवणारा) उभा राहायचा. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक मागे सरकताना असा वळतो की त्याची पाठ स्वतःच्या डाव्या बाजूला होते आणि तोंड उजवीकडे. न्यूयॉर्क जायंट्सचा लॉरेन्स टेलर त्या पाठीकडून यायचा, न दिसणाऱ्या बाजूने. त्याच्या धास्तीने डाव्या टॅकलचे भाव वाढले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. व्हाइट यायचा तो डोळ्यांसमोरून. क्वार्टरबॅकला तो दिसत असायचा, आणि दिसूनही काही करता यायचं नाही. शिवाय टाइट एंडला, म्हणजे टॅकलशेजारी राहून अडवणाऱ्या आणि पासही झेलणाऱ्या खेळाडूला, बहुतेक संघ उजवीकडेच उभा करतात, म्हणजे अडवायला एक माणूस जास्त. यावर कुणी म्हणेल की उजवे टॅकल पायांनी जड असायचे, चपळ माणूस संघ डावीकडे ठेवायचे. खरं आहे. म्हणून तर व्हाइटसमोर उजवा टॅकल एकटा क्वचितच सोडला जायचा.

आता त्याच्या उजव्या हाताचा डाव. अमेरिकेत त्याला हंप मूव्ह म्हणतात आणि तो व्हाइटच्या नावावर लागलेला आहे. क्लिप बघितली की वाटतं, राक्षसी ताकदीचा माणूस आहे, उचललं आणि फेकलं. ताकद होतीच. १९६ सेंटिमीटर उंची, १३५ किलोच्या आसपास वजन. पण नुसत्या ताकदीने १४० किलोचा पाय रोवून बसलेला माणूस हलत नाही, हवेत जायची तर गोष्टच सोडा.

डावाची सुरुवात भीती घालण्यापासून होते. स्नॅप झाला, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू झाला, की व्हाइट टॅकलच्या बाहेरच्या खांद्याच्या रोखाने पूर्ण वेगात निघायचा. हा वेग खरा असायचा, दाखवण्यापुरता नाही. पुष्कळदा तो तसाच बाहेरून वळून क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचायचाही. टॅकलचं उत्तर ठरलेलं असतं, किक स्लाइड. उजवा पाय मागे आणि बाहेर टाकायचा, डावा मागोमाग सरकवायचा, पाय एकमेकांत अडकू द्यायचे नाहीत, छाती समोर ठेवायची आणि वजन शक्यतो आतल्या, म्हणजे डाव्या पायावर. कागदावर सोपं आहे. पण समोरचा बाहेरून निसटतोय असं वाटलं की उजवा पाय गरजेपेक्षा खोल पडतो, कंबर साइडलाइनकडे उघडते आणि सगळं वजन त्या उजव्या पायावर जातं. व्हाइट याच क्षणाची वाट बघत असायचा.

तिसऱ्या-चौथ्या पावलाला तो स्वतःचा डावा, म्हणजे बाहेरचा पाय जमिनीत रोवायचा आणि कंबर खाली घ्यायचा. उजवा हात कोपरात काटकोनाच्या आसपास वाकलेला, कोपर बरगड्यांच्या जवळ. तो हात खालून वर, टॅकलच्या डाव्या काखेखाली, बरगडीच्या बाजूला जाऊन आदळायचा. मूठ नाही, पूर्ण पुढचा हात. आणि हाताबरोबर त्याच क्षणी कंबर आत फिरायची, गुडघे सरळ व्हायचे. जोर खांद्यातून नव्हे, जमिनीतून यायचा. टॅकल आधीच मागे आणि बाहेर चाललेला असतो. त्याला त्याच दिशेला आणखी ढकलायचं आणि जरा वर उचलायचं. कुस्तीत समोरच्याचा जोर ज्या अंगाला त्याच अंगाला त्याला न्यायचं, तोच हिशोब. एकदा टॅकलचे पाय हलके झाले की तो बाहेर जातो, व्हाइटचा उजवा पाय आत पडतो, डावा हात मागून येऊन टॅकलचा उरलासुरला हात झटकतो आणि क्वार्टरबॅक तीन-चार पावलांवर असतो.

कॉलेजच्या पोरांपासून व्यावसायिकांपर्यंत अनेकांनी हा डाव उचलला आणि बहुतेकांचा फसतो. का फसतो ते बघण्यासारखं आहे.

सगळ्यात मोठं कारण म्हणजे बाहेरची धाव खोटी असते. ज्याला बाहेरून जाता येत नाही हे टॅकलला माहीत आहे, त्याच्यासाठी टॅकल उजवा पाय खोल टाकेलच कशाला? तो छाती समोर ठेवून बसतो, तुमचा हात भिंतीवर आदळल्यासारखा थांबतो आणि तुम्ही उभे, छाती उघडी. मग त्याचे दोन्ही हात तुमच्या छातीत घुसतात आणि खेळ संपला. दुसरी चूक कोपर सरळ करण्याची. हात लांब गेला की ताकद अर्धी होते आणि खांदा दुखावतो तो वेगळाच. तिसरी चूक उशिराची. पाय रोवायची जागा रेषेपासून तीन-चार यार्ड आत. सहा-सात यार्ड आत गेल्यावर पाय रोवला तर तुम्ही क्वार्टरबॅकच्या बरोबरीला किंवा मागे असता. तो एक पाऊल पुढे सरकतो आणि तुम्ही कितीही सुंदर फेकाफेक केलीत तरी मोकळ्या जागेत पोहोचता.

याखेरीज दोन गोष्टी अशा की त्या एकट्याच्या हातातच नसतात. आत वळलात आणि तिथे उजवा गार्ड (टॅकलशेजारी आतल्या बाजूला उभा राहणारा) रिकामा उभा असला, तर तो तुम्हाला धावत्या गाडीसारखा आडवा करतो. म्हणजे गार्डला कुणीतरी गुंतवून ठेवायला हवं. फिलाडेल्फियात ते काम जेरोम ब्राउनने केलं. नंतरच्या ग्रीन बे पॅकर्स या संघात गिल्बर्ट ब्राउनने आणि पुढे सँटाना डॉटसननेही. यांची नावं सॅकच्या यादीत खाली सापडतात, पण व्हाइटच्या कितीतरी सॅकमध्ये त्यांचा घाम आहे. आणि दुसरी गोष्ट, डावा एंड आत शिरला की बाहेरची वाट उघडी पडते. जॉन एल्वे किंवा स्टीव्ह यंगसारखा पळणारा क्वार्टरबॅक असेल तर तो तिथून पसार होतो आणि सॅकऐवजी २० यार्ड देऊन बसायची वेळ येते. तेव्हा बचावाच्या रांगेमागच्या लाइनबॅकरने ती वाट धरायची हे आधी ठरलेलं लागतं. व्हाइट खुशाल आत घुसायचा, कारण बाहेर कुणीतरी उभा असायचा.

टॅकलची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी व्हायची. बाहेर जास्त गेला तर हंप. आतच बसून राहिला तर व्हाइट बाहेरून वळणार. आणि दोन्हींच्या मध्ये, स्थिर राहून वाट बघायची ठरवली तर तिसरा प्रकार, बुल रश: सरळ छातीत डोकं घालून टॅकलला मागे मागे ढकलत क्वार्टरबॅकच्या मांडीवर नेऊन बसवायचं. मग प्रशिक्षक काय करायचे? टाइट एंडला शेजारी उभा करायचे, रनिंग बॅकला, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्या खेळाडूला, पासला पळण्याआधी व्हाइटच्या बरगडीत एक धक्का देऊन जायला सांगायचे, गार्डला त्याच्याकडे सरकवायचे. क्वार्टरबॅकला तीन पावलांत चेंडू सोडायला लावायचे. यातल्या प्रत्येक उपायाची किंमत असते. टाइट एंड अडवायला थांबला म्हणजे पास झेलायला एक माणूस कमी. गार्ड बाहेर सरकला म्हणजे डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे बचावाच्या रांगेतला मधला माणूस, मोकळा. जेरोम ब्राउनला मोकळं सोडायचं की व्हाइटला, हा प्रश्न १९८० च्या दशकाच्या शेवटी ईगल्सच्याच पूर्व विभागातल्या संघांना वर्षातून दोनदा पडायचा.

त्यात बडी रायन. १९८६ मध्ये तो ईगल्सचा मुख्य प्रशिक्षक म्हणून आला आणि शिकागोतली आपली ४६ बचावरचना बरोबर घेऊन आला. (४६ हा खेळाडूंच्या मांडणीचा आकडा नाही, शिकागो बेअर्सच्या डग प्लँक या सेफ्टीचा, म्हणजे सगळ्यात मागच्या बचावपटूचा, जर्सी नंबर.) या रचनेत मधल्या तिघांसमोर, म्हणजे सेंटर आणि दोन्ही गार्डसमोर, प्रत्येकी एक माणूस थेट उभा असतो. ते तिघे जागेवरच अडकतात, टॅकलच्या मदतीला सरकायचा प्रश्नच राहत नाही. रायन व्हाइटला एका जागी ठेवायचाही नाही. कधी एंड, कधी गार्डच्या डोक्यावर, कधी सेंटरसमोर. आठवडाभर ज्या टॅकलने त्याच्यासाठी तयारी केली, त्याच्या वाट्याला तो येईलच याची खात्री नसायची.

१९८७ चा हंगाम या सगळ्याचं टोक. त्या वर्षी खेळाडूंचा संप झाला, काही सामने बदली खेळाडूंनी खेळले, व्हाइटच्या वाट्याला आले फक्त १२. त्यात २१ सॅक. तेव्हाचा हंगामाचा विक्रम २२ चा होता, १९८४ मध्ये मार्क गॅस्टिनोने १६ सामन्यांत केलेला. त्याच हंगामाच्या पहिल्या सामन्यात वॉशिंग्टनविरुद्ध व्हाइटने त्यांच्या क्वार्टरबॅकला, डग विल्यम्सला, धरलं, पाडता पाडता त्याच्या हातातून चेंडू हिसकावला आणि स्वतःच ७० यार्ड पळत तो समोरच्या गोलरेषेपार नेला, म्हणजे टचडाउन केलं. सामना ईगल्स हरले. ती धाव मात्र बघाच, कारण इतक्या वजनाचा माणूस ७० यार्ड पळताना मागून कुणी गाठत नाही म्हणजे बाहेरच्या वेगाला टॅकल का घाबरायचे ते आपोआप कळतं.

मागचं थोडं. जन्म १९ डिसेंबर १९६१, टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावी. सतराव्या वर्षी बाप्टिस्ट चर्चचा धर्मोपदेशक झाला. त्यावरूनच ‘मिनिस्टर ऑफ डिफेन्स’ हे टोपणनाव पडलं (इंग्रजीत मिनिस्टर म्हणजे मंत्रीही आणि धर्मोपदेशकही). टेनेसी विद्यापीठात ३२ सॅक, त्यातले १५ शेवटच्या १९८३ च्या हंगामात. मग एनएफएलऐवजी आपल्याच राज्यातल्या मेम्फिस शोबोट्स या यूएसएफएल संघाकडे गेला. ईगल्सनी १९८४ च्या पुरवणी ड्राफ्टमध्ये (ड्राफ्ट म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडणं) त्याचे हक्क चौथ्या क्रमांकावर घेऊन ठेवले होते. १९८५ मध्ये यूएसएफएलचा अख्खा हंगाम खेळून तो सप्टेंबरच्या शेवटी फिलाडेल्फियात दाखल झाला, न विसावता १३ सामने खेळला, १३ सॅक काढले.

आता दुसरा वारसा, ज्याचा मैदानाशी थेट संबंध नाही आणि जो माझ्या मते हंप मूव्हपेक्षा जास्त टिकलाय.

१९८९ पासून एनएफएलमध्ये प्लॅन बी नावाची पद्धत होती. दरवर्षी प्रत्येक क्लबने ३७ खेळाडू राखून ठेवायचे. उरलेल्यांनी ठरावीक मुदतीत हवं तिथे जावं. म्हणजे ज्यांना बाजारात भाव मिळाला असता ते सगळे राखीव आणि ज्यांना फारसं कुणी विचारत नाही ते स्वतंत्र. करार संपलेला चांगला खेळाडूसुद्धा व्यवहारात जुन्याच क्लबला बांधलेला राहायचा. सप्टेंबर १९९२ मध्ये मिनियापोलिसच्या न्यायालयात, न्यायाधीश डेव्हिड डॉटी यांच्यासमोर, न्यूयॉर्क जेट्सचा रनिंग बॅक फ्रीमन मॅकनील आणि इतर सात जणांच्या खटल्यात ज्यूरीने ही पद्धत स्पर्धाविरोधी ठरवली. पाठोपाठ डॉटींनी चार खेळाडूंना काही दिवसांसाठी मोकळं केलं. त्यातला एक होता ईगल्सचा टाइट एंड कीथ जॅक्सन, तो हंगाम चालू असतानाच मायामीला निघून गेला. आपल्याच ड्रेसिंग रूममधला माणूस असा उठून गेलेला व्हाइटने पाहिला. त्याच महिन्यात सर्व खेळाडूंच्या वतीने नवा सामूहिक दावा दाखल झाला, त्यात पहिलं नाव व्हाइटचं.

पहिलं नाव असणं म्हणजे नुसतं कागदावरचं नाव नव्हे. पस्तिशीला टेकलेला, जाता जाता भांडणारा खेळाडू वेगळा आणि सलग सहा वर्षं प्रो बोलला, म्हणजे निवडक खेळाडूंच्या मानाच्या सामन्याला, निवडला गेलेला, तिशीतला, बचावातला सर्वोत्तम मानला जाणारा माणूस वेगळा. जानेवारी १९९३ मध्ये तडजोड जाहीर झाली. करार संपलेला आणि पाच वर्षं पुरी केलेला खेळाडू मोकळा. पगाराची कमाल मर्यादा लागू झाली की चार वर्षांत मोकळा. बदल्यात क्लबांना ती मर्यादा मिळाली. १९९४ मध्ये ती संघामागे ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२४ मध्ये २५ कोटी ५४ लाख. मार्च महिन्यात एनएफएलमध्ये जो खेळाडूंचा बाजार भरतो, ज्यावर आता आठवडाभर टीव्ही चालतो, त्याचं मूळ या कागदात आहे.

मग व्हाइट स्वतः बाजारात उतरला. क्लीव्हलंड, अटलांटा, वॉशिंग्टन, सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क जेट्स, सगळ्यांनी पायघड्या घातल्या. सगळ्यांना वाटत होतं की मोठं शहर घेईल. ६ एप्रिल १९९३ रोजी त्याने सही केली ती ग्रीन बे पॅकर्सशी: चार वर्षं, १ कोटी ७० लाख डॉलर. ग्रीन बे म्हणजे लाखभर वस्तीचं, कडाक्याच्या थंडीचं, बहुतांश गोऱ्या लोकांचं गाव. त्या काळात कृष्णवर्णीय खेळाडू तिथे जायला राजी नसायचे, दुसऱ्या क्लबांत तर तिकडे पाठवण्याची धमकी म्हणून वापरली जायची. देवाने मला कुठे जायचं ते सांगावं असं व्हाइट बोलून गेला होता, तेव्हा पॅकर्सचा प्रशिक्षक माइक होल्मग्रेनने त्याच्या आन्सरिंग मशीनवर देव बोलतोय असा निरोप ठेवला, हा किस्सा पॅकर्सचे चाहते अजून सांगतात. खरं कारण अधिक रोखठोक होतं. पैसे सर्वाधिक होते, ब्रेट फाव्हर हा तरुण क्वार्टरबॅक होता आणि रॉन वुल्फ हा जनरल मॅनेजर संघ बांधत होता.

या सहीने पुढच्यांची वाट मोकळी झाली. व्हाइट गेला म्हटल्यावर नाही म्हणायला कारण उरलं नाही. १९९४ मध्ये शॉन जोन्स आला, दुसऱ्या बाजूचा एंड. १९९६ मध्ये डॉटसन आणि सेफ्टी युजीन रॉबिन्सन. कीथ जॅक्सनही फिरत फिरत तिथेच पोहोचला. १९६८ ते १९९२ या पंचवीस वर्षांत पॅकर्स प्लेऑफमध्ये पोहोचले होते दोनदा. व्हाइटच्या सहा हंगामांत सहाही वेळा.

पहिल्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डेन्व्हरविरुद्ध पॅकर्स ३०-२७ असे पुढे होते, एल्वे शेवटची चढाई करत होता आणि व्हाइटने त्याला लागोपाठ दोन खेळांत पाडून सामना संपवला. त्याच डिसेंबरमधला रेडर्सविरुद्धचा सामना वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवावा. लेरॉय बटलरने रनिंग बॅकच्या हातून चेंडू सोडवला, तो व्हाइटला मिळाला, काही पावलं पळाल्यावर आपण पकडले जाणार हे ओळखून त्याने चेंडू शेजारून येणाऱ्या बटलरकडे टाकला आणि बटलर टचडाउन करून थेट प्रेक्षकांत उडी मारून बसला. लॅम्बो लीप नावाची ग्रीन बेची प्रथा ही इथून सुरू झाली. लाइनमधल्या माणसाने भर पळापळीत हा लॅटरल, म्हणजे बाजूचा पास, टाकणं फार धोक्याचं. हुकला असता तर चेंडू मैदानात लोळला असता.

सगळंच सुरळीत चाललं असं नाही. १९९३, १९९४ आणि १९९५ या तिन्ही हंगामांत डॅलसने पॅकर्सना प्लेऑफमध्ये घरचा रस्ता दाखवला. डॅलसचा उजवा टॅकल एरिक विल्यम्स हा व्हाइटसमोर एकटा उभा राहू शकणाऱ्या मोजक्यांपैकी. १९९४ चा बराचसा हंगाम तो अपघातामुळे बाहेर होता, पण इतर वेळी ही जोडी बघताना टॅकलने काय करायला हवं ते नीट दिसतं. हात लांब असल्यामुळे विल्यम्स आधी मारायचा, व्हाइटचा पाय रोवला जायच्या आत. आणि बाहेरच्या धावेला तो फसायचा नाही. थोडं बाहेरून निसटू देईल, पण छाती फिरवणार नाही. पंचांनी बघितलं नाही तर जर्सीही धरायचा, ते सोडा, सगळेच धरतात.

१९९८ मध्ये, सदतिसाव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर, व्हाइटने १६ सॅक काढले आणि दुसऱ्यांदा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. पहिल्यांदा १९८७ मध्ये ठरला होता. मध्ये अकरा वर्षं. याच १९९८ मध्ये, मार्च महिन्यात, विस्कॉन्सिनच्या विधानसभेत त्याने भाषण केलं. त्यात वेगवेगळ्या वंशांच्या लोकांबद्दल ठोकळेबाज विधानं होती आणि समलैंगिकांविरुद्ध सरळ सरळ प्रचार होता. टीका झाली, टीव्हीवर समालोचक म्हणून होऊ घातलेलं काम गेलं. वंशांबद्दलच्या विधानांसाठी त्याने नंतर माफी मागितली. चाहते हा भाग गाळतात, गाळू नये. ज्या माणसाने वर्णभेदाच्या सावलीतल्या गावात जाऊन दारं उघडली, त्याच माणसाने ते भाषण केलं. पुढे तो प्रवचनांपासून दूर झाला आणि हिब्रू शिकून मूळ ग्रंथ स्वतः वाचू लागला.

१९९९ मध्ये खेळला नाही, २००० मध्ये कॅरोलायना पँथर्सकडून १६ सामने खेळला, साडेपाच सॅक काढले आणि थांबला. २६ डिसेंबर २००४ रोजी, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन आठवडा झाला होता, हृदयाची लय बिघडून तो गेला. त्याला सारकॉइडोसिस होता, ज्यात फुप्फुसं, हृदय अशा अवयवांत दाहाच्या गाठी होतात. झोपेत श्वास अडकण्याचा विकार, स्लीप ॲप्निया, हेही बहुधा एक कारण होतं. जाड मान आणि सव्वाशेच्या वरचं वजन असलेल्या लाइनमनमध्ये हा विकार सर्रास आढळतो आणि तरुण, धडधाकट दिसणाऱ्या माणसाची तपासणी करायचं कुणाच्या मनात येत नाही. व्हाइटच्या मृत्यूनंतर अमेरिकेतल्या क्रीडावर्तुळात यावर उघड बोलणं वाढलं. २००५ मध्ये टेनेसी विद्यापीठ, पॅकर्स आणि ईगल्स या तिघांनी त्याचा ९२ नंबर कायमचा निवृत्त केला. एनएफएलच्या दोन क्लबांनी एकाच खेळाडूचा नंबर निवृत्त करण्याची ही पहिलीच वेळ. २००६ मध्ये, पात्र झाल्याच्या पहिल्याच वर्षी, तो हॉल ऑफ फेममध्ये गेला.

एकच सामना बघायचा असेल तर २६ जानेवारी १९९७ चा बघा, न्यू ऑर्लिन्समधला ३१ वा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, पॅकर्स विरुद्ध न्यू इंग्लंड पेट्रियट्स. तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटाकडे पेट्रियट्सनी टचडाउन करून फरक २७-२१ वर आणला होता. पुढच्याच किकवर डेस्मंड हॉवर्ड ९९ यार्ड पळाला, पॅकर्सनी त्यानंतरचा दोन जादा गुणांचा प्रयत्नही साधला, ३५-२१. हॉवर्डला सामनावीराचा मान मिळाला तो यामुळे. पण फरक अजून दोन टचडाउनचाच होता आणि चेंडू पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक ड्र्यू ब्लेडसोच्या हातात. इथे व्हाइटने लागोपाठ दोन खेळांत ब्लेडसोला पाडलं. सामन्याच्या अखेरीस आणखी एकदा, एकूण तीन, सुपर बोलमधला तेव्हाचा विक्रम. गुणफलक पुढे हलला नाही.

बघताना चेंडूकडे बघू नका, व्हाइटकडेही नाही. उजवा टॅकल मॅक्स लेन, नंबर ६८, त्याच्या उजव्या पायाकडे बघा. तो किती खोल पडतोय आणि त्या वेळी शेजारचा गार्ड कुणात गुंतलाय. दोन्ही उत्तरं मिळाली की पुढच्या सेकंदाला काय होणार ते तुम्हाला लेनच्या आधी कळतं. व्हिडिओ अर्ध्या वेगावर लावा, पूर्ण वेगात तो हात दिसत नाही.